कारखाना हवा, तर आधी महिने मोजा

आपल्या भागात शेतमालावर प्रक्रिया करणारा उद्योग यावा आणि त्यात आपल्याच गावांतली माणसं लागावीत, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सात पत्रांना या अंकात उत्तरं देत आहोत.

प्रश्न : वरुड-मोर्शी पट्ट्यात संत्र्याच्या बागाच बागा आहेत. रस्त्यालगत जागा आहे, सबसिडीची माहितीही आम्ही कंपन्यांना देतो. त्यांची माणसं येतात, बागा पाहतात, चहा घेऊन जातात आणि पुन्हा फोन येत नाही. आम्ही नेमके कुठे कमी पडतो?
*पंचायत समितीचे माजी सदस्य, जि. अमरावती*

जागा आणि सबसिडी या गोष्टी कंपनीच्या यादीत बऱ्याच खाली असतात. त्यांचा पहिला प्रश्न असतो, वर्षातले किती दिवस माल मिळेल? समजा पाच कोटींचं कर्ज आहे आणि व्याज 11 टक्के. म्हणजे वर्षाला 55 लाख रुपये नुसतं व्याज. कारखान्याची क्षमता रोज 20 टन फळाची धरू. तो 90 दिवस चालला तर दिवसाला 61 हजार, म्हणजे किलोमागे तीन रुपयांहून थोडं जास्त व्याज पडतं. तोच 240 दिवस चालला तर किलोमागे सव्वा रुपयाच्याही आत येतं. फळाच्या खरेदीत दोन रुपयांवरून सौदा मोडतो आणि इथे जवळजवळ तेवढाच फरक नुसत्या व्याजात आहे. पाहुणे चहा घेत असताना मनात हेच गणित करत असतात.

तुमच्याकडे बहार दोन. आंबिया बहाराला जानेवारी-फेब्रुवारीत फूल लागतं आणि फळ ऑक्टोबर ते डिसेंबरात येतं. मृगाचं फूल जून-जुलैत आणि फळ फेब्रुवारीपासून पुढे. कागदावर हे पाच-सहा महिने दिसतात. पण चांगलं टपोरं फळ खाण्याच्या बाजारात जातं आणि तिथला भाव रसाच्या कारखान्याला परवडत नाही. कारखान्याच्या वाट्याला येतं ते बारीक, डागाळलेलं, बाजूला काढलेलं फळ. म्हणून तालुक्याचं एकूण उत्पादन सांगून काही उपयोग नाही. ग्रेडिंग-कोटिंगच्या (फळाची प्रतवारी करून त्यावर मेणाचा थर देणाऱ्या) केंद्रांवर आठवड्याला किती टन फळ बाजूला पडतं आणि ते किती भावाने जातं, हा आकडा हवा. लागोपाठ दोन हंगाम दर शनिवारी प्रत्येक केंद्रावर ही नोंद ठेवा. एवढ्या एका वहीने तुमच्या भागाचं वजन वाढेल, कारण अशी वही सहसा कोणाकडेच नसते.

दुसरा मुद्दा नागपुरी संत्र्याच्या स्वभावाचा. रस काढल्याबरोबर गोड लागतो, पण काही तासांनी किंवा गरम केल्यावर कडवट होतो. फळाच्या पडद्यांत आणि बियांत असलेल्या, स्वतः कडू नसलेल्या एका घटकाचं रसातल्या आम्लामुळे लिमोनिन बनतं आणि ते कडू असतं. हंगामाच्या सुरुवातीच्या फळात हा कडवटपणा जास्त असतो. बिया भरडल्या गेल्या किंवा साल जास्त दाबली गेली तर आणखी वाढतो. त्यावर हलक्या दाबाचं यंत्र लागतं, बी न फुटता बाजूला काढावं लागतं, मोठ्या कारखान्यात कडवटपणा शोषून घेणारे रेझिनचे स्तंभ बसवावे लागतात. या सगळ्याला पैसे पडतात. कंपनीला हे ठाऊक असतं. ते तुम्हालाही ठाऊक आहे हे दिसलं की बोलणी वेगळ्या पातळीवर सुरू होतात. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था तुमच्यापासून लांब नाही. कमी बियांच्या वाणांची आणि कलमांची माहिती तिथून घ्या आणि त्या कलमांची किती झाडं तालुक्यात लागली आहेत, तेही वहीत येऊ द्या.

उरलेले महिने भरायला दुसरा माल दाखवावा लागतो. राजुरा बाजारची हिरवी मिरची आहे, तूर-हरभरा आहे. संत्र्याचा रस आटवून 65 ब्रिक्सचा (ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेल्या साखर वगैरे घटकांचं टक्क्यांतलं माप) अर्क केला आणि उणे 18 अंशांत ठेवला, तर बाटल्या भरण्याचं काम वर्षभर चालतं. एकाच यंत्रावर सगळं होत नाही हे खरं. पण बॉयलर, शीतगृह, प्रयोगशाळा आणि माणसं तीच राहतात, आणि खर्चाचा मोठा भाग तिथेच असतो.

आता वीज आणि पाणी. निर्जंतुक पॅकिंगच्या लाइनवर वीज दहा मिनिटं गेली, तरी सगळी लाइन पुन्हा निर्जंतुक करण्यात तास-दीड तास जातो आणि मधला माल बाद होऊ शकतो. म्हणून मागच्या बारा महिन्यांत त्या फीडरवर वीज किती वेळा आणि किती मिनिटं गेली, याची नोंद वीज कंपनीकडून लेखी मागून घ्या. पाण्याचं मोजमाप मे महिन्यातलं द्या, ऑगस्टमधलं नको. सोबत पाण्याची कठीणता आणि विद्राव्य क्षार यांचा तपासणी अहवाल जोडा. कठीण पाण्याने बॉयलरच्या नळ्यांत खार धरतो, इंधन वाढतं आणि शेवटी नळी फुटते.

हे सगळं दहा-बारा पानांत मांडा. आठवडावार माल, पाणी, वीज, सांडपाणी कुठे जाणार, आणि तीस किलोमीटरच्या आत कोणकोणत्या कामाची किती माणसं मिळतील. या शेवटच्या पानाबद्दल पुढे आयटीआयच्या प्रश्नात लिहिलं आहे.

प्रश्न : गावाशेजारी फळांचा रस आणि पल्प काढण्याचा कारखाना येणार आहे. रोजगार हवा आहे, पण ओढा नासेल अशी भीतीही आहे. ग्रामसभेने काय मागावं?
*ग्रामपंचायत सदस्य, विदर्भ*

भीती रास्त आहे. फळाच्या कारखान्याच्या सांडपाण्यात सहसा जहाल विष नसतं, पण साखर आणि गर भरपूर असतो. तो कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतो, मासे मरतात, वास सुटतो. याचं माप म्हणजे बीओडी. प्रक्रिया केलेलं पाणी ओढ्या-नदीत सोडायचं तर बीओडी लिटरला 30 मिलिग्रॅमच्या आत लागतो, शेतीला द्यायचं तर 100 च्या आत.

संत्रं-मोसंबीत आणखी एक अडचण आहे. सालीतल्या तेलातलं लिमोनीन (कडवटपणा आणणाऱ्या लिमोनिनहून हे वेगळं) सांडपाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंना मारक ठरतं. तेल वेगळं न काढता पाणी टाकीत सोडलं की पहिल्याच महिन्यात सांडपाणी शुद्ध करणारं संयंत्र बंद पडतं. मग रात्री पाणी ओढ्यात सोडण्याचा मोह होतो. म्हणून ग्रामसभेने तीन गोष्टी ठरावात लेखी घ्याव्यात. तेल वेगळं काढण्याची सोय सांडपाण्याच्या टाकीआधी हवी. सांडपाण्याच्या पंपाला वेगळं वीजमीटर हवं, म्हणजे संयंत्र खरंच चालतं का ते युनिटांवरून कळतं. आणि साल त्याच दिवशी उचलली जायला हवी. फळाचा निम्म्याच्या आसपास भाग साल-चोथा म्हणून उरतो. तो चुन्याची मात्रा देऊन, दाबून, वाळवला तर जनावरांच्या खाद्यात चालतो. ओला ढीग तीन दिवस पडला तर माशा आणि आंबूस वास गावभर जातो. प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची आणि चालवण्याची, अशा दोन्ही संमत्यांच्या प्रती ग्रामपंचायतीच्या दप्तरी मागा.

प्रश्न : आमची उत्पादक कंपनी जुन्नर भागातली. टोमॅटो पडला की दोन-तीन रुपये किलोने जातो, रस्त्यावर फेकावा लागतो. तरीही केचपवाल्या कंपन्या आमचा माल घेत नाहीत. असं का?
*शेतकरी उत्पादक कंपनीचे संचालक, जि. पुणे*

कारण तुमचा टोमॅटो पाटीत टिकण्यासाठी निवडलेला आहे, आटवण्यासाठी नाही. जाड साल, घट्ट अंग, लांबच्या प्रवासाला उत्तम. पण त्यात विद्राव्य घटक बहुधा चार ब्रिक्सच्या आसपास, पावसात त्याहूनही कमी. पेस्ट करायची असते 28 ब्रिक्सची. एक टन टोमॅटो 4.5 ब्रिक्सचा असेल तर त्यातून, वाया जाणारं सोडून, 160 किलो पेस्ट निघते. तोच 3.8 ब्रिक्सचा असेल तर 135 किलो. म्हणजे टनामागे 25 किलो पेस्ट गेली, शिवाय 25 किलो पाणी जास्त उडवायला वाफ लागली. त्यात रंग फिका, कारण बाजारासाठी फळ पिवळट-लाल असतानाच तोडतात. कंपनीला ते झाडावर पूर्ण लाल झालेलं हवं असतं. दोन रुपयांचा टोमॅटो अशा हिशेबात स्वस्त राहत नाही.

पडलेल्या भावात उरलेला माल कारखान्याला विकू, या विचाराने कारखाना सहसा टिकत नाही. भाव चढला की शेतकरी बाजाराकडे वळतो आणि यंत्रं रिकामी उभी राहतात. त्यापेक्षा सभासदांपैकी वीस-पंचवीस जणांनी एकरभर क्षेत्र प्रक्रियेच्या वाणाला द्यावं. लागवडीआधी ठरलेला भाव, ब्रिक्सनुसार वाढता दर आणि तीन-चार तोड्यांत संपणारं वेळापत्रक ठेवावं. खरेदी केंद्रावर शेतकऱ्याच्या समोर ब्रिक्स मोजा. हाताच्या रिफ्रॅक्टोमीटरची काच पुसून आधी शुद्ध पाण्याचा थेंब टाकून शून्य जुळवा, मग पाच-सहा फळं एकत्र चुरून गाळलेला रस टाका. एकाच फळाचा रस घेतला तर आकडा फसवा येतो आणि भांडणं होतात.

शेतातून कारखान्यात जाईपर्यंत क्रेट उन्हात चार तास उभे राहिले तर खालचा थर फुटतो, बुरशी धरते, आणि बुरशीच्या मोजणीत गाडीच्या गाडी नाकारली जाते. क्रेट पूर्ण भरू नयेत, वर चार बोटं जागा ठेवावी.

प्रश्न : आमचं काजू प्रक्रिया केंद्र आहे, बचत गटांच्या 30 बायका काम करतात. शिकवलेल्या बायका तीन-चार महिन्यांत सोडून जातात. हात भाजतात, पैसे कमी पडतात असं म्हणतात. आम्ही तर किलोवर चांगला दर देतो.
*महिला प्रभाग संघ, जि. सिंधुदुर्ग*

ताई, तुमच्या पत्रातच उत्तर आहे. किलोवर दर दिला की हात वेगाने चालतो, आणि वेगाने फोडलेल्या बीचा तुकडा होतो. मग वर्गवारीत माल पडतो, तुम्ही दर वाढवू शकत नाही, बाई कंटाळते.

100 किलो बीतून साधारण 25 किलो गर निघतो असं धरा. अख्खा गर 85 टक्क्यांऐवजी 70 टक्केच निघाला, तर पावणेचार किलो गर अख्ख्याचा तुकडा झाला. अख्खा आणि तुकडा यांच्या भावात किलोमागे 150 रुपयांचा फरक धरला तर 100 किलो बीमागे साडेपाचशे रुपयांच्या वर गेले. यातला अर्धा वाटा अख्ख्या गराच्या बोनसमध्ये द्या. दिवसाची पक्की हजेरी, वर अख्ख्या गराच्या टक्क्यावर बोनस, आणि हिशेब रोज संध्याकाळी फळ्यावर, नावासमोर.

पण तुकडा नेहमी हातामुळेच होतो असं नाही. बी नीट वाळलेली नसेल तर साठवणुकीतच गर खराब होतो. वाफ कमी पडली तर कवच चिवट राहतं आणि गर त्याला चिकटतो. जास्त झाली तर कवचातलं तेल गरावर उतरून डाग पडतो. वाफवलेली बी गरम असतानाच कापायला घेणं ही सगळ्यात नेहमीची चूक. ती पसरून किमान रात्रभर निवू द्या, म्हणजे कवच कडक होतं आणि आतला गर सुटतो. बारीक आणि मोठी बी एकत्र कटरवर घेतली तर पातं एकालाच जुळतं, दुसरी चिरडते. म्हणून आकाराप्रमाणे चाळण आधी. गर 65-70 अंशांवर सहा ते आठ तास वाळवल्यावर साल सुटते. ट्रेंची अधूनमधून अदलाबदल न केल्यास वरचे करपतात, खालचे ओले राहतात. सोलताना सुरी खुपसावी लागली, तर वाळवणीत चूक आहे असं समजा. त्यासाठी सोलणारीला बोलू नका.

हात भाजतात ते कवचाच्या तेलाने. त्यातली द्रव्यं कातडी जाळतात आणि साबणाने लगेच जात नाहीत. कापायच्या आधी एरंडेल तेल हाताला चोळण्याची जुनी पद्धत योग्य आहे, फक्त दर दीड-दोन तासांनी पुन्हा लावायला हवं आणि त्यासाठी वेळ द्यायला हवा. रबरी हातमोजे पातळ, हाताच्या मापाचे हवेत. सगळ्यांना एकच माप आणलं की बाई ते काढून ठेवते. तेलाचे हात गराला लागले तर गरही बाद होतो, म्हणून कापणारी आणि सोलणारी यांची बाकं वेगळी, वावर वेगळा.

नवीन बाईला पहिले सहा आठवडे बोनसच्या स्पर्धेत ओढू नका. पहिल्या आठवड्यात वर्गवारीच्या टेबलावर बसवा. 320 नंबरचा अख्खा गर म्हणजे पौंडात 300 ते 320 दाणे. तो हाताने निवडून झाला की कटरवर काय जपायचं ते तिला न सांगता कळतं.

प्रश्न : आमच्या आयटीआयमध्ये अन्नप्रक्रियेचा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम झाला. मुलं लोणचं, जॅम, सरबत शिकली, पण जवळच्या कारखान्यांनी एकालाही घेतलं नाही. ऑपरेटर ते बाहेरच्या राज्यांतून आणतात.
*निदेशक, मराठवाडा*

जॅम करता येणं हे घरगुती उद्योगाचं कौशल्य आहे, कारखान्याचं नाही. कारखान्यात जॅम कोणी ढवळत नसतं. तिथे तापमान, दाब, वेळ, आम्लता आणि स्वच्छता यांवर लक्ष ठेवणारा, बिघडलं तर ओळखणारा आणि खरं तेच लिहिणारा माणूस हवा असतो. आधी दोन दिवस काढून आसपासच्या पाच कारखान्यांत जा आणि मालकाला नव्हे, प्रॉडक्शन मॅनेजरला विचारा, कोण सुट्टीवर गेलं की लाइन थांबते? बहुतेक ठिकाणी तीच नावं निघतील. बॉयलर अटेंडंट, शीतगृहाचा मेकॅनिक, स्टेनलेस स्टीलच्या पाइपला टिग वेल्डिंग करणारा फिटर, पॅनेल समजणारा इलेक्ट्रिशियन, निर्जंतुकीकरणाच्या यंत्रावरचा ऑपरेटर, प्रयोगशाळेतला मदतनीस. यातले तीन-चार ट्रेड तुमच्याकडे आधीच आहेत. त्या मुलांना अन्नाच्या कारखान्याची भाषा शिकवायची आहे, एवढंच.

फिटर, इलेक्ट्रिशियन आणि रेफ्रिजरेशनच्या शेवटच्या सहामाहीतल्या मुलांसाठी बारा आठवड्यांची, आठवड्याला दोन दुपारींची जोड द्या. पहिले तीन आठवडे मोजमाप. पीएच (आम्लतेचं माप) मीटर रोज सकाळी 4 आणि 7 च्या बफरवर, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणावर, जुळवणं, रिफ्रॅक्टोमीटर, थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात तपासणं, धुण्याच्या पाण्यातलं क्लोरीन पट्टीने मोजणं. पीएच 4.6 ही रेघ त्यांच्या डोक्यात पक्की बसली पाहिजे. त्याखालचं आंबट अन्न 100 अंशांच्या आत सुरक्षित करता येतं. त्यावरचं हवाबंद डब्यात भरायचं तर दाबाखाली 121 अंशांच्या आसपास ठरलेली मिनिटं द्यावीच लागतात, कारण प्राणघातक विष तयार करणारा जंतू त्याच भागात वाढतो. वेळेत दोन मिनिटं चोरली तर दिसायला काहीच फरक पडत नाही, म्हणूनच हे काम विश्वासाचं आहे.

मग यंत्रं न उघडता आतून धुणं. क्रम असा : पाणी, कॉस्टिक सोडा, पाणी, आम्ल, पाणी. कॉस्टिक एक ते दोन टक्के, 70 ते 80 अंश, पंधरा-वीस मिनिटं. चुका ठरलेल्या असतात. कॉस्टिक कोमट राहतं, पंपाचा वेग कमी असल्याने पाइप पूर्ण भरून वाहत नाही, किंवा मधलं पाणी फिरवणं वगळतात. आणि एक गोष्ट पहिल्याच दिवशी, मोठ्याने सांगायची. क्लोरीनचं द्रावण आणि आम्ल कधीही एकत्र येता कामा नये. त्यातून निघणारा वायू जीव घेतो. दोन्हींचे कॅन वेगळ्या खोल्यांत, वेगळ्या रंगाचे.

शेवटचे आठवडे नोंदवहीला द्या. मुलाला मुद्दाम चुकलेला तापमानाचा तक्ता द्या आणि पुढे काय करशील विचारा. माल बाजूला काढून, खूण करून, वरिष्ठाला कळवेन असं उत्तर देणारा मुलगा कारखाना लगेच घेतो. आकडा खोडून बरोबर करणाऱ्याला पाठवू नका, तुमच्या संस्थेचं नाव जाईल. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे दर 25 कामगारांमागे एक प्रशिक्षित अन्नसुरक्षा पर्यवेक्षक लागतो. ते प्रमाणपत्रही मुलांना तिथेच मिळवून द्या. बॉयलर अटेंडंटचं प्रमाणपत्र मात्र वेगळं, सरकारी परीक्षेचं. त्याला बॉयलरवरचा अनुभव लागतो, म्हणून प्रशिक्षणार्थी म्हणून आधी कारखान्यात लावावं लागतं.

यासाठी अप्रेंटिस कायद्याचा आधार घ्या. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के प्रशिक्षणार्थी घेणं बंधनकारक आहे. छोट्यांना चार माणसांपासून घेता येतात. मुख्य अडचण विद्यावेतनाची नसते. पोर्टलवरची नोंदणी आणि करार भरायला छोट्या कारखान्याकडे माणूस नसतो. ते काम तुमच्या कार्यालयाने करून द्यावं, दरवाजा उघडतो. प्रशिक्षणाच्या पुढच्या पायऱ्यांसाठी परभणीचं अन्नतंत्र महाविद्यालय मराठवाड्यातच आहे. तिथल्या प्रयोगशाळेत मुलांचा एक दिवस ठेवा.

आणि लाइनवरच्या साध्या कामगारांबद्दल एक गोष्ट. ते पगारावरून जितके सोडून जातात, त्याहून जास्त बस चुकते म्हणून, पाळीचा तक्ता आदल्या रात्री कळतो म्हणून आणि ओल्या फरशीवर आठ तास चपलेत उभं राहावं लागतं म्हणून जातात. मापाचे गमबूट, पंधरा दिवस आधी लागलेला तक्ता आणि पाळीच्या वेळेला जुळणारी गाडी यांवर खर्च करणाऱ्या कारखान्याकडेच मुलं पाठवा.

प्रश्न : आमच्या डोंगरपट्ट्यात सीताफळ भरपूर. दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला जातं. सीताफळाचा पल्प काढायचा कारखाना झाला तर हे थांबेल का?
*शिक्षिका, जि. बीड*

नुसत्या सीताफळाने थांबणार नाही. हंगाम साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर. साठ-सत्तर दिवसांचं काम बायकांना मिळेल, आणि ते संपतं नेमकं टोळ्या निघायच्या वेळी. शिवाय कोयत्यामागे, म्हणजे तोडीच्या प्रत्येक जोडप्यामागे, मुकादमाकडून आधीच उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते. त्यातून लग्न, दवाखाना, घराचं पत्र्याचं काम झालेलं असतं. मजुरी पल्पच्या कारखान्यात जास्त असली तरी ती उचल फेडल्याशिवाय जोडप्याला गावात थांबता येत नाही. कारखान्याचं नियोजन करणाऱ्यांना बहुधा हेच दिसत नाही, आणि मग लोक कामाला येत नाहीत अशी तक्रार होते.

म्हणून दोन गोष्टी एकत्र व्हायला हव्यात. नोव्हेंबर ते मार्चपर्यंत त्याच छपराखाली दुसरं काम : जानेवारी-फेब्रुवारीपासून तुरीची डाळ, मग हरभरा, फेब्रुवारी-मार्चपासून चिंच फोडणं आणि बिया काढून गोळा करणं, अधल्या-मधल्या दिवसांत साठवलेल्या पल्पचं लहान पॅकिंग. दुसरी गोष्ट, बचत गटाच्या संघातून जून-जुलैतच, मुकादम येण्याआधी, कमी व्याजाचं कर्ज, ज्याचा हप्ता कारखान्याच्या पगारातून कापला जाईल. सुरुवातीला दहा जोडपी थांबली तरी पुढच्या वर्षी गाव स्वतः विचारायला येतं. घरातली मुलं शाळेत राहतात, हे तुम्ही आमच्यापेक्षा जास्त जाणता.

पल्पबद्दल थोडं. कापल्यावर गर काही मिनिटांत गुलाबी-तपकिरी पडू लागतो. फळ फोडणं, बी वेगळं करणं आणि गोठवणं यांत खंड पडता कामा नये. लोखंडी किंवा तांब्याचं भांडं लागलं तर रंग आणखी बिघडतो, सगळं स्टेनलेस स्टीलचं हवं. गर तापवला की कडवट होतो, म्हणून आंब्यासारखा उकळून डब्यात भरता येत नाही. झपाट्याने गोठवून उणे 18 अंशांच्या खाली ठेवावा लागतो. वीज आणि शीतगृह आधी, पल्पर नंतर. उलटा क्रम केलेल्या ठिकाणी यंत्र नवंकोरं पडून राहतं. फळ एकाच दिवशी पिकत नाही, रोज सकाळी दाबून निवडावं लागतं. डोळे उघडलेलं, देठाकडे मऊ झालेलं आज, बाकीचं उद्या. हे निवडणं इथल्या बायकांइतकं कुणाला येत नाही. निवडणारीची मजुरी फोडणारीपेक्षा जास्त ठेवा.

प्रश्न : हळद पावडरचं युनिट टाकायचं आहे. सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेतून (पीएमएफएमई) अर्ज केला, बँकेने फाइल परत पाठवली. कारण नीट सांगत नाहीत.
*तरुण वाचक, जि. हिंगोली*

2020 साली सुरू झालेल्या या योजनेत पात्र प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदान आहे आणि स्वतःचे किमान 10 टक्के घालावे लागतात. पुन्हा अर्ज करण्याआधी चालू वर्षाची मुदत जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात विचारून घ्या. हे अनुदान हातात येत नाही. ते कर्जखात्याला जोडून तीन वर्षं वेगळं राहतं आणि कर्ज नियमित, युनिट चालू असेल तरच जमा धरलं जातं. पहिल्याच वर्षी अनुदानातून हप्ता भरू असं अहवालात दिसलं की शाखाधिकारी फाइल बाजूला ठेवतो.

हळदीच्या अहवालात आणखी एक खड्डा असतो. यंत्रांची कोटेशनं जोडलेली असतात, खेळतं भांडवल नसतं. हळद फेब्रुवारी ते मेमध्ये येते, पावडर वर्षभर विकायची. महिन्याला दोन टन पावडर विकायची म्हटली तरी वर्षाची 24 टन, आणि सफाई-दळणातली घट धरून 25 टनांच्या वर सुकी हळद हंगामातच घेऊन ठेवावी लागते. तिचे पैसे यंत्रांपेक्षा जास्त होतात. एक तर गोदाम पावतीवर तारण कर्ज दाखवा किंवा दर महिन्याला बाजारातून घेण्याचा वाढीव खर्च धरा. काहीतरी एक लिहिलेलं पाहिजे.

विजेचा मंजूर भार यंत्रांच्या अश्वशक्तीशी जुळतो का तेही तपासा. चक्कीत हळद तापली की सुगंधी तेल उडतं आणि रंग मंदावतो, म्हणून पुरवठादाराकडून दोन टप्प्यांत दळण्याचं किंवा पाण्याने थंड होणाऱ्या यंत्राचं कोटेशन घ्या आणि त्याचा भार मोजा. सुक्या हळकुंडात ओलावा दहा टक्क्यांच्या आत असेल तरच दळायला घ्या, नाहीतर जाळी भरते आणि पावडर पाकिटात गाठी धरते. शाखेत जाताना दोन खरेदीदारांची लेखी मागणीपत्रं, एका तपासणीचा अहवाल (ओलावा, कुर्कुमिन आणि शिसं नसल्याचा) आणि महिनावार रोख आवक-जावकेचं एक पान सोबत न्या. फाइल परत येण्याचं कारणही लेखी मागा, तो तुमचा हक्क आहे. ते कागदावर आलं की जिल्हा संसाधन व्यक्तीला (या योजनेत अर्जदारांच्या मदतीसाठी नेमलेल्या माणसाला) सोबत घेऊन त्याच मुद्द्याचं उत्तर त्याच आठवड्यात द्या.